स्वेटरच्या दुकानातला फोटो

प्रश्न : नागपुरात हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. मी नेहमी ज्या बाईंकडून स्वेटर घेते, त्यांच्या गल्ल्यामागे दलाई लामांचा फोटो असतो. यंदा त्या म्हणाल्या, "आमच्या गावी हा फोटो लावला तर पोलीस नेतात." हे खरं आहे का? आणि देव न मानणाऱ्या चिनी सरकारला पुढचे दलाई लामा कोण, याची उठाठेव कशाला? या बाईंविषयी फोटोसकट फेसबुकवर लिहावं, असं मनात आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, बाई खरं सांगताहेत. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तिबेटात या फोटोवर बंदी आहे. चिनी राज्यघटनेच्या ३६व्या कलमात धर्मस्वातंत्र्य आहे, पण संरक्षण फक्त 'सामान्य' धार्मिक व्यवहारांना. सामान्य काय, ते सरकार ठरवणार.

मला मात्र दुसराच एक फोटो विसरता येत नाही. तिबेटातल्या शिगात्सेचा ताशी ल्हुन्पो मठ निर्वासितांनी कर्नाटकात बायलाकुप्पे इथं पुन्हा उभारला आहे. तिथं मी लाल गालांच्या एका मुलाचा फोटो पाहिला. गेधुन चोएकी न्यिमा. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी त्याला अकरावे पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू, म्हणून जाहीर केलं आणि तीन दिवसांनी चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आईवडिलांसह नेलं. वय सहा वर्षं. त्यानंतर तो लोकांसमोर आलेला नाही. शिकून नोकरीला लागलाय, त्याला त्रास नको, असं चीननं २०२०मध्ये सांगितलं. भेटू मात्र कुणालाच दिलं नाही. आता तो पस्तिशी ओलांडलेला पुरुष आहे, आणि भिंतीवर अजून तेच मूल. मी त्या फोटोसमोरून लवकर हलू शकले नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच मुलापाशी आहे. दलाई लामांचा पुनर्जन्म, म्हणजेच पुढचे दलाई लामा, ओळखण्यात पंचेन लामांच्या शब्दाला परंपरेनं मोठं वजन. चीननं त्याच वर्षी स्वतःचे पंचेन लामा गादीवर बसवले. २००७मध्ये तर नियमच काढला : सरकारी मंजुरीशिवाय कुणाचाही पुनर्जन्म मान्य नाही! तिबेटी माणूस ज्याच्यापुढे डोकं टेकवतो, तो आपल्या मुठीत असावा, एवढाच यामागचा हिशेब. दलाई लामांनी २ जुलै २०२५ रोजी स्पष्ट सांगितलं की त्यांचा पुनर्जन्म ओळखण्याचा अधिकार केवळ त्यांच्या गादेन फोड्रांग न्यासाचा आहे.

लिहा, जरूर लिहा. पण बाईंना आधी विचारा, आणि त्यांचा चेहरा, नाव, गाव काहीही टाकू नका. त्यांचं कुणी अजून तिकडे असेल, तर चौकशीला पोलीस त्यांच्या दारात जातील.