आजोबांच्या डबीतलं चांदीचं नाणं रोमन आहे का? असेल तर कोणाचं?

आजोबा कोइमतूरला नोकरीला होते, त्यांच्या डबीत हे सापडलं, असं तुम्ही लिहिलंय. एका बाजूला उजवीकडे पाहणारा पुरुष, डोक्यावर पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली स्त्री. वजन ३.६ ग्रॅम, रुंदी साधारण १८ मिलिमीटर.

या वर्णनावरून मला हा रोमन सम्राट तिबेरियसचा देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, वाटतो. त्याची कारकीर्द इ.स. १४ ते ३७. नवं असताना या नाण्याचं वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास असे, तेव्हा तुमचं झिजून ३.६ भरलं तर ते जुळतंच. आपल्या जुन्या ग्रंथांतला 'दीनार' हा शब्दही या देनारियसवरूनच आलाय.

खात्री अक्षरांवरून करा. भिंग घ्या, दिवा आडवा धरा. रोमन लोक 'यू' हे अक्षर 'व्ही'सारखं कोरत, म्हणून चेहऱ्याभोवती ऑगस्टस (ही तिबेरियसचीही पदवी) शोधताना ए-व्ही-जी-व्ही-एस-टी-व्ही-एस असं शोधा. त्याआधी टी-आय, मग सीझर, मग 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' या अर्थाची आखूड अक्षरं येतात. मागे पी-ओ-एन-टी-आय-एफ आणि एम-ए-एक्स-आय-एम, म्हणजे महापुरोहित. त्या स्त्रीच्या एका हातात लांब दंड, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी हवी. तिच्याऐवजी ढाली-भाले घेतलेले दोन तरुण उभे असतील, तर नाणं त्याच्या आधीच्या सम्राट ऑगस्टसचं. तेही दक्षिणेत भरपूर सापडतं.

कोइमतूर वाचून मी सावरून बसलो, कारण त्या परिसरात या दोन्ही सम्राटांच्या चांदीच्या नाण्यांचे साठे खरोखरच मिळालेत. मिरी आणि रत्नांच्या व्यापारातून ती आली. इ.स. ६४च्या सुमारास सम्राट नीरोने नाण्याचं वजन आणि चांदी दोन्ही घटवली. आपल्याकडच्या साठ्यांत मात्र त्याआधीची चोख नाणीच बहुसंख्य आहेत.

अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा दिसल्या तर लगेच 'नकली' म्हणून टाकून देऊ नका. इथल्या कारागिरांनी त्या काळीच केलेल्या नकला ओळखीच्या आहेत, आणि मला त्या मूळ नाण्याइतक्याच मोलाच्या वाटतात. काळजी आधुनिक नकलांची. बायबलमधल्या 'कैसराचे (म्हणजे सीझरचे, रोमन सम्राटाचे) ते कैसराला' या प्रसंगाशी हे नाणं परंपरेने जोडलं गेल्यामुळे त्याला मागणी फार, आणि खोटी नाणीही तितकीच. कडेवर गोल फिरणारी सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ते ओतीव आहे. अस्सल नाणं ठोकून पाडलेलं असतं. कडेला खरवडलेल्या जागी तांबडं दिसलं तर आत तांबं आहे, पण असा चांदीचा मुलामा रोमन काळातही चढवत.

वजन सराफाकडे काट्यावर पुन्हा करून घ्या, पण कसोटीवर घासू देऊ नका. आणि कृपा करून नाणं धुऊ नका, काळेपणा राहू द्या. मी सुरुवातीच्या दिवसांत एक सातवाहन नाणं चिंचेने घासलं होतं. हत्ती उरला, वरची ब्राह्मी अक्षरं गेली. आजही ते हातात घेतलं की वाईट वाटतं.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं, त्यामुळे परदेशात विकायचा किंवा पाठवायचा विचार असेल तर तो सोडा.

आता कडेचा एक फोटो टाका, आणि खुर्चीच्या पायांचा अगदी जवळून. ते पाय साधे आहेत की नक्षीदार, यावरून या नाण्याचे उपप्रकार ठरतात.