वेलहेड प्लॅटफॉर्मवर पहिल्यांदा जाताना

मुंबई हायसारख्या क्षेत्रात, किनाऱ्यापासून साधारण 160 किमी आत समुद्रात, मोठा प्रोसेस प्लॅटफॉर्म (जिथे तेल, वायू आणि पाणी वेगळं करतात) सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण तेल येतं ते आजूबाजूच्या छोट्या, बिनमाणसांच्या वेलहेड प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे जिथे विहिरींची तोंडं असतात तिथून. तिथे तेल वेगळं होत नाही. तेल, वायू आणि पाणी एकत्रच समुद्रतळाच्या पाइपलाइनने प्रोसेसला जातं. उलट दिशेने गॅसलिफ्टचा (विहिरीत सोडून तेल वर आणायला मदत करणारा) वायू येतो, काही ठिकाणी इंजेक्शनचं, म्हणजे तेलाच्या थरात दाबायचं, पाणीही.

आधी हेडरचं, म्हणजे सगळ्या विहिरींचा प्रवाह एकत्र येतो त्या पाइपचं, प्रेशर बघ. ते वाढलं तर सशक्त विहिरी वाहत राहतात, अशक्त विहिरी मात्र गपगार होतात. मग विहिरीला दोष देण्याआधी पाइपलाइनमध्ये मेण साठलंय का, पिगिंग (आतून पिग फिरवून पाइपलाइन साफ करणं) कधी झालंय, ते विचार.

एकेक विहीर मोजायला तिला टेस्ट हेडरवर घेतलीस की लगेच आकडे लिहू नकोस. मोजणीच्या टेस्ट सेपरेटरमध्ये आधीच्या विहिरीचं तेल असतं. ते निघून जाऊ दे, प्रवाह स्थिर होऊ दे. घाईची टेस्ट म्हणजे नुसती कागदाची नासाडी.

फ्युजिबल प्लगच्या (आग लागली की वितळणाऱ्या प्लगच्या) हवा भरलेल्या लूपमध्ये बारीक गळती झाली तरी हवा उतरते आणि सगळ्या विहिरी बंद पडतात. नुसतं रीसेट मारू नकोस, आधी गळती शोध. साबणाचं पाणी पुरतं. विहीर उघडताना आधी समुद्रतळाखालचा, विहिरीतला सेफ्टी व्हॉल्व्ह, तोही दोन्ही बाजूंचं प्रेशर समान करून. मग विहिरीच्या तोंडावरचा मास्टर व्हॉल्व्ह, शेवटी बाजूचा विंग व्हॉल्व्ह.

आणि सोलर पॅनेलवरची पक्ष्यांची घाण पुसून ये. बॅटरी उतरली की प्रोसेसवाल्यांना त्यांच्या पडद्यावर तुझा प्लॅटफॉर्म दिसेनासा होतो.