न चाखलेली भाजी

प्रिय बाय,

परवा फोनवर तू बटाट्याची भाजी विचारलीस, मी घाईघाईत सांगितली, आणि फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आई, तू करताना कधीच चाखून बघत नाहीस ना? देवाआधी उष्टं होतं म्हणून, की बायकांनी सगळ्यांच्या शेवटीच खायचं म्हणून?" तिथे पोर्तुगालात, तुझ्या कोइंब्राच्या खोलीतल्या मुली कढईत चमचे बुडवून बुडवून चाखत होत्या, तेव्हा तुला हे सुचलं असणार. मी म्हटलं, "नंतर बोलू." तू हसलीस. माझं "नंतर" तुला चांगलंच माहीत आहे.

म्हणून हे पत्र. तोंडाने आपण कोंकणी बोलतो आणि कागद पुढे आला की मराठीत शिरतो, ही आपल्या घराण्याची जुनी खोड. तुझे आजोबा, आमचे भाऊ, तर बाजाराची यादीसुद्धा मराठीतच करायचे. सावकाश वाच, अडलं तर बाबांना विचार.

प्रश्नाचा पहिला अर्धा मला नवा नव्हता. दुसरा लागला. राग नाही आला, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिवसभर तो डोक्यात होता.

गोव्यातलं प्रियोळचं घर तू पाहिलंस, पण ते स्वयंपाकघर नाही पाहिलंस. तू आलीस तोवर तिथे काळ्या ग्रॅनाइटचा ओटा झाला होता. माझ्या लहानपणी चूल होती, जमीन सारवलेली होती आणि आदोळीवर, म्हणजे विळीवर, एक पाय दुमडून बसलेली तुझी आजी, माझी माई, होती. सोमवारी घर शिवराक, म्हणजे निव्वळ शाकाहारी. बाकीचे दिवस नुस्त्याशिवाय, मासळीशिवाय, ज्यांचा घास उतरत नसे, ती सगळी माणसं सोमवारी मंगेशाच्या नावाने शहाण्यासारखी भाजीभात जेवायची. कांदा-लसूणही नाही. मग उरतं काय? मूग, भोपळा, केळफूल आणि बटाटा. आम्हा पोरांचं मत विचारशील तर फक्त बटाटा.

माईला स्वयंपाक करताना बोललेलं खपत नसे. चाखणं तर दूरच. बटाटे सालासकट उकडून, गार करून, हातावर धरून ती फोडी करायची. मीठ लाकडी मिठागऱ्यात असायचं, जाडं, आगरातलं, जरासं ओलसर. त्यात हात घालायची, चार बोटं आत वळवायची, तळहातावर जो खळगा पडतो तेवढंच मीठ ठेवायची आणि अंगठ्याने वरचं सपाट करून उरलेलं परत मिठागऱ्यात पाडायची. मग मूठ कढईवर उलटी. एकदाच. पुन्हा हात मिठाकडे गेलेला मी कधी पाहिला नाही. वर झाकण ठेवायची, ते काढलं की वाफेवर जरा वाकायची आणि म्हणायची, "जालें." मिठाला वास नसतो हे मला पुढे शाळेत शिकवलं. माईला यायचा.

थोरली काकी मात्र चाखायची. माई देवाच्या खोलीत गेली की तळहातावर एवढीशी फोड घ्यायची, फुंकायची आणि पटकन तोंडात. एकदा मी बघत होते तर डोळा मिचकावून म्हणाली, "देव काय मीठ मोजायला बसलाय?" पुढे ती कुणाला सांगू नकोस म्हणाली नाही आणि मी सांगितलंही नाही. काकीच्या भाजीत मीठ चुकत नसे. माईच्या भाजीतही नसे. यावरून तू काय काढायचं ते काढ, मला अजून काही काढता आलेलं नाही.

आता तुझा दुसरा अर्धा प्रश्न.

साडेबाराला नैवेद्य व्हायचा. घंटा वाजली, पानाभोवती पाणी फिरलं, की तो स्वयंपाक देवाचा प्रसाद झाला. मग कुणीही खावं, चाखावं, नावं ठेवावीत. न चाखण्याचा नियम तिथे संपतो. पण पहिली पंगत पुरुषांची. भाऊ, काका, आला-गेला, पुरोहित असला तर तो. मग आम्ही पोरं. मग काक्या, आणि सगळ्यात शेवटी माई, तीनच्या सुमाराला. बटाट्याची भाजी सगळ्यांनाच आवडायची, म्हणजे ती तिच्यापर्यंत पोचायचीच नाही. कढईच्या बुडाशी लागलेली खरवड ती उलथन्याने काढायची, त्यात मूठभर उकड्या तांदळाचा भात घालून कढईतच कालवायची आणि तिथेच खायची. लहानपणी आम्हाला त्या कालवलेल्या भाताचा हेवा वाटायचा. ती एकेक घास आम्हाला भरवायची, आम्ही तोही खायचो.

साडेबारा ते तीन. या अडीच तासांचं उत्तर देवाकडे नाही बाय, ते भाऊंकडे होतं, काकांकडे होतं, आणि माईकडेही होतं, कारण लवकर बस म्हटलं तर तीच चिडायची. तू दोन्ही गोष्टी एका वाक्यात बांधल्यास, आणि त्या आमच्या घरात इतक्या एकत्र नांदल्या होत्या की वेगळ्या करायचं मलाही सुचलं नव्हतं. तुझ्या आजीने भाऊंच्या शेजारी पान मांडून घेतलं ते भाऊ निवृत्त झाल्यावर. तेव्हाही जेवताना तीनदा उठायची.

पानावर मीठ का वाढतात, कधी विचार केलास? केळीच्या पानावर डावीकडे वर आधी मीठ पडतं, शेजारी लिंबाची फोड. करणारी चाखणार नाही, तेव्हा कधी कमी पडणारच, म्हणून ज्याचं त्याने घ्यावं, अशी ती सोय असावी असं मला आपलं वाटतं. हे शास्त्र नव्हे, माझा अंदाज. भाऊंनी बोट लावून चिमूटभर मीठ भाजीकडे ओढलं की माई दारातून बघायची आणि पुढच्या पंगतीच्या भाजीवर मिठाचं पाणी शिंपडायची. कुणी कुणाला बोलायचं नाही.

आणि ज्या बटाट्यासाठी एवढं सोवळं, तो तरी कुठला? दक्षिण अमेरिकेतला. गोवा पोर्तुगिजांनी घेतला 1510 मध्ये, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून मिरची आली, काजू आले, बटाटा आला. एकादशीचं ताट आठव: बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि साबुदाणा, जो आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून करतात. हे सगळं मूळचं समुद्रापलीकडचं. गहू-तांदूळ आपल्याकडे हजारो वर्षांचे, ते उपासाला चालत नाहीत. माईला हे सांगितलं असतं तर तिने मला पाणी आणायला विहिरीवर पाठवलं असतं. तिचाही बटाट्यावर पुरता विश्वास नव्हता म्हणा. चवथीच्या नैवेद्याला तो चालायचा, म्हाळाला चालायचा नाही. का, तर पितरांना ओळखीचा नाही म्हणून. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा आणि टोमॅटो आजही नसतात, तेव्हा माई काही अगदीच एकटी नव्हती.

मंगेश तरी मूळचा प्रियोळचा कुठे? कुठ्ठाळीला पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा 1560 च्या सुमाराला लोकांनी लिंग रातोरात नदीपार आणलं. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. देवाला घर सोडावं लागलं, त्याबरोबर त्याचे नियमही कुणीतरी पाठीवर टाकून आणले असतील, वाटेत काही पडलेही असतील. आपण लिस्बनला आलो ते भाऊंच्या जन्माच्या नोंदीवर, पोर्तुगीज अमदानीतल्या. हा कागद कधी उपयोगी पडेल असं भाऊंना वाटलं नसणार. गोवा मुक्तीच्या दिवशी ते पणजीला जाऊन नाचले होते.

तर मी इथे का चाखत नाही? खरं सांगू, सवय. फ्रिजवरच्या देवाला मी रोज नैवेद्य दाखवत नाही, तुला माहीत आहे. शनिवारी लसूण घातलेल्या बटाट्यालाही मी चाखत नाही, तो कुठल्या देवासाठी? पण चाखायचं नाही म्हटल्यावर कान आणि नाक कामाला लागतात. मोहरी तडतडायची थांबली की हिंग, हे मला घड्याळाशिवाय कळतं. हळदीचा कच्चा वास गेला की गेला. बटाट्याच्या फोडीच्या कडा जरा खरखरीत दिसायला लागल्या की मीठ आत गेलं. पोहायला शिकताना कमरेचा भोपळा काढून घेतात ना, तसं काहीसं. हे माईने शिकवलं असं म्हणवत नाही, तिने फक्त चमचा दिला नाही. आता हे गुण नियमाचे की माझ्या हट्टाचे, देव जाणे. काकी चाखूनही सुगरणच होती, ते वर लिहिलंच आहे.

तू चाखत जा. मी काही म्हणणार नाही. म्हणजे मनात म्हणेन थोडं, पण ते तू ऐकू नकोस.

आणि आता भाजी नीट लिहिते, कारण परवा मी अर्धी गिळली. लाल सालीचे बटाटे घे, ते फुटत नाहीत. अर्धा किलो. थंड पाण्यात घालून सालासकट उकड. सोलून उकडलेस तर पाणी पितात आणि भाजीचा लगदा होतो. उकडल्यावर पूर्ण गार होऊ दे. तुझा सगळा गोंधळ इथे होतो, तुला गरम चिरायचे असतात. गार झाले की फोडी धारेला चिकटत नाहीत. कढईत दोन चमचे तेल, खोबरेल असेल तर उत्तम, नाहीतर कुठलंही, फक्त ऑलिव्ह नको. ते चांगलं असतं पण मग भाजी दुसऱ्याच्या घरची होते. मोहरी, हिंग, दोन मिरच्या उभ्या चिरून. कढीपत्ता धुतला असशील तर पुसून घाल, नाहीतर हात भाजेल. मग कोथिंबिरीची देठं, अगदी बारीक चिरून. देठं फोडणीत आणि पानं शेवटी, हे विसरू नकोस. पानांचा वास उष्णतेने उडून जातो, देठांचा तेलात उतरतो. पाव चमचा हळद, लगेच फोडी, वर एक सपाट लहान चमचा मीठ आणि चिमूटभर साखर. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं. मग झाकण काढून जरा परत, कडा लागू देत. ओला नारळ मिळाला तर मूठभर खोवून, न मिळाला तर तसंच. सुकं खोबरं घालू नकोस, घशात अडकतं.

कोथिंबिरीची तुला तिथे ददात नाही. युरोपात बाकी ठिकाणी पार्सली घेऊन बसतात, पण पोर्तुगिजांच्या स्वयंपाकात कोथिंबीर हवीच, विशेषतः खाली आलेंतेझुकडे. आपल्या वरच्या मजल्यावरची बाई बटाटे सालासकट भाजते, मुठीने दाबून फोडते, वर लसूण, ऑलिव्ह तेल आणि भरपूर कोथिंबीर घालते. तिने पहिल्यांदा वाटी आणून दिली तेव्हा बाबा म्हणाले, "ही प्रियोळची कशी नाही?" मी तिला आपली भाजी दिली. तिने जिन्यातच झाकण काढून एक फोड खाल्ली आणि मीठ थोडं कमी आहे म्हणाली. होतं कमी.

कढीपत्ता संपला असेल तर कळव, इथल्या मार्तीं मोनीश चौकातल्या दुकानातून घेऊन बाबांबरोबर पाठवते, ते पुढच्या आठवड्यात तिकडे येणार आहेत. चवथीला तू येशीलच. तेव्हा पान मी तुझ्या शेजारी मांडणार आहे आणि वाढायला बाबा आणि तुझा भाऊ. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळ, आधी पिळलंस तर कडू होतं.

तुझी,
आई