वाचकांचे प्रश्न: सेल्फ फिरतो, धूर येतो, मॅसी मात्र सुरू होत नाही

प्रश्न : आमची शेती सांवेरकडे आहे, आम्ही राहतो इंदूरला. वडिलांनी १९८४ साली घेतलेला मॅसी १०३५ ट्रॅक्टर बरीच वर्षं गोठ्याशेजारी उभा होता. हौस म्हणून पूर्ण इंजिन करून घेतलं. लायनर-पिस्टन, बेअरिंग, वाल्व सगळं नवं, हेडला फेस मारला. डिझेलचा पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल पंपवाल्याकडून करून आणले आणि शेवटी सगळ्याला लाल रंग दिला. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात, पण एकदाही फट् म्हणत नाही. मिस्त्री म्हणतो पंप गेलाय, पंपवाला म्हणतो टायमिंग, म्हणजे वाल्व उघडण्याची आणि डिझेल पडण्याची वेळ, चुकलंय. मग रेडिएटर, पुढचा धुरा सरकवून टायमिंग कव्हर पुन्हा उघडलं, तर मधल्या गियरच्या खुणा जुळलेल्या नाहीत. मिस्त्री आता दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढू म्हणतोय. ओढू द्यावं का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मुळीच ओढू देऊ नका. मिस्त्रीला राग आला तरी चालेल. वाल्व उघडणाऱ्या कॅमचं टायमिंग खरोखर चुकलं असेल, तर ओढताना वाल्व पिस्टनवर आपटतील आणि नव्या सामानाचं भंगार होईल.

आज आधी ऑइलची काडी काढून वास घ्या. इतके दिवस न जळलेलं डिझेल लायनर धुऊन खाली उतरतंय. काडीवर ऑइल वर चढलेलं दिसलं, पातळ लागलं, डिझेलचा वास आला तर ते ऑइल काढून टाका. नवीन बेअरिंग आहेत, तिथे काटकसर नको.

आता तुमच्या दोघांच्या भांडणाकडे येतो. मिस्त्री आणि पंपवाला यांचा हा संवाद मी सियागंजापासून देवास नाक्यापर्यंत इतक्यांदा ऐकलाय की दोन्ही बाजू मला पाठ आहेत. नर्मदाकाठी बुदनीला १९५५ पासून ट्रॅक्टरचं सरकारी प्रशिक्षण केंद्र आहे. मी तिथे शिकायला होतो तेव्हा आमचे उस्ताद पान्याला हात लावण्याआधी धूर बघायला लावायचे. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. मग एअर काढा, फिल्टर बघा, स्टॉपची वायर ओढलेलीच राहिली नाही ना ते बघा. तुमच्याकडे डोळे झोंबवणारा पांढरा धूर आहे. म्हणजे डिझेल आत फवारलं जातंय, पण पेटत नाही. पंप अगदीच मेलेला असता तर हा धूर आला नसता. त्यामुळे पंप उघडण्याचं काम अगदी शेवटी ठेवा.

हे इंजिन मुळात चट्‌कन सुरू होणारं आहे. इंग्लंडमध्ये मॅसी फर्ग्युसन ३५ ला आधी चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं आणि ते थंडीत सुरू होताना घाम फोडायचं. १९५९-६० च्या सुमारास त्याजागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं आणि ती तक्रार मिटली. तुमच्या १०३५ मध्ये त्याच घराण्याचं इंजिन आहे. डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात फवारतं, सिलिंडर पेटण्याचा क्रम, म्हणजे फायरिंग, १-२-३. असं इंजिन इंदूरच्या हवेत एकदाही फट् म्हणत नाही, तेव्हा चूक बारीकसारीक नसते.

मधल्या गियरच्या खुणांनी घाबरू नका. क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा), कॅम आणि पंप या तिघांच्या मध्ये तो मधला गियर, म्हणजे आयडलर, फिरतो आणि त्याचा वेग वेगळा. बसवताना सगळ्या खुणा एकदा जुळवायच्या असतात. नंतर इंजिन फिरलं की त्या पुन्हा एकत्र यायला कितीतरी फेरे लागतात. सेल्फ मारमारून झाल्यावर कव्हर उघडलं तर त्या विस्कटलेल्याच दिसणार. तेवढ्यावरून मिस्त्रीने गियर काढून दात सरकवला असेल, तर मात्र आता खरंच चुकलं असेल.

खात्री रॉकर कव्हर काढून करा. वाल्व दाबणारे रॉकर त्याच्याखाली असतात. आधी तिन्ही सिलिंडरचे टॅपेट, म्हणजे रॉकर आणि वाल्वमधली फट, थंड इंजिनावर १२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३० मिमी, ठेवा. मग सेल्फ न मारता इंजिन हाताने फिरवा आणि १ नंबरचा पिस्टन अगदी वर आणा. हा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. क्रँकची खूण दोन्ही वेळा त्याच जागी दिसते आणि नेमका इथेच घोटाळा होतो. १ नंबरचे दोन्ही रॉकर बोटाने खुळखुळले तर ते कॉम्प्रेशन. एक वाल्व मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय असं दिसलं तर अजून एक पूर्ण फेरा द्या. ही अदलाबदल पिस्टन वर असतानाच व्हायला हवी. पिस्टन बराच खाली असताना होत असेल तर कॅमचा गियर चुकीच्या दातावर बसलाय.

कॅम बरोबर निघाला तर कॉम्प्रेशनच्याच जागी इंजिन ठेवून पंपवाल्याला घरी बोलवा. पंपाच्या कुशीला छोटी झाकणपट्टी असते, तिच्यातून रोटरवरची, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या भागावरची, खूण दिसते. ती त्यानेच बघावी, मिस्त्रीने शेजारी उभं राहावं. माझा अंदाज असा की पंपाचा गियर क्रँकच्या एका अख्ख्या फेऱ्याने चुकून बसलाय. १ नंबर वर आला एवढं बघून गियर घातला, कॉम्प्रेशन आहे की नाही ते कोणी बघितलं नाही. मग डिझेल धुराच्या फेऱ्यात पडतं आणि तसंच सायलेन्सरमधून बाहेर येतं. तुमचा पांढरा धूर याच्याशी तंतोतंत जुळतो.

नोझलच्या पाइपांकडेही नजर टाका. तिन्हींची वळणं वेगळी असतात. एखादा ओढून-ताणून, जोर लावून बसवलेला दिसला तर २ आणि ३ ची अदलाबदल झाली असेल.

आणि तो लाल रंग! बॅटरीच्या अर्थची पट्टी रंगावरच आवळलीय का? नवीन रिंगांचं इंजिन आधीच जड फिरतं, त्यात अर्थ कच्ची असेल तर सेल्फ नुसता कण्हतो आणि डिझेल पेटण्याइतकी गरमी तयारच होत नाही. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर रंग खरवडून पट्टी पुन्हा बसवा.

एवढं करूनही नाही झालं, तर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून मला आकडे कळवा. तोवर एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारू नका. सुरू होईल त्या दिवशी इनलेटचं, म्हणजे इंजिनात हवा जाते ते, तोंड झाकता येईल एवढी लाकडी फळी हाताशी असू द्या. नव्याने बसवलेला पंप कधीकधी रेस सोडत नाही आणि स्टॉपची वायरही ऐकत नाही.

प्रश्न : इंजिन नवीन केल्यावर काही दिवस नुसतं स्लोवर चालू ठेवावं असं सगळे सांगतात. खरं का?
— एक वाचक, देवास

उत्तर : नाही. तासन्‌तास स्लोवर ठेवलं तर रिंगा बसत नाहीत, लायनरला चकाकी येते आणि मग इंजिन जन्मभर ऑइल खातं. गरम झालं की ट्रॉली जोडा, मध्यम लोड द्या. काळ्या मातीत खोल नांगरट मात्र लगेच नको.

प्रश्न : आमचा मिस्त्री नोझलचा फवारा तळहातावर घेऊन बघतो. याने नोझलची पारख होते का?
— एक वाचक, महू

उत्तर : त्याचा हात आधी बाजूला करा. त्या फवाऱ्याचा दाब दीडशे बारच्या वर असतो, तो कातडी भेदून आत शिरतो. वर टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट काढायची वेळ येते. असं कधी झालंच तर हळद लावून घरी बसू नका, सरळ सर्जनकडे जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे शब्द स्पष्ट सांगा. नोझल टेस्टिंग मशीनवरच तपासायची.