मार्कर : खूण की निदर्शक?

गुहागरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. गावासाठी हिवतापाच्या माहितीपत्रकाचं मराठी त्या करताहेत आणि ‘रक्तातले इम्यून मार्कर’ (रोगाशी चाललेल्या शरीराच्या लढ्याचा पत्ता देणारी रक्तातली द्रव्यं) या शब्दांशी अडल्या आहेत. ‘चिन्हक’ चालेल का?

ताई, ‘चिन्हक’ नको. खरं तर इथे एका शब्दाने भागणारच नाही. इंग्रजीतल्या ‘मार्कर’ने दोन निराळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्या आहेत आणि मराठीत त्या सहज सोडवता येतात.

पहिली गोष्ट प्रतिपिंडांची. हिवतापाच्या परजीवीशी लढताना शरीराने तयार केलेली ही प्रथिनं ताप उतरल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. म्हणून आजच्या तापाचं निदान त्यांच्यावरून करत नाहीत. त्यासाठी काचपट्टीवरच्या रक्तात परजीवी शोधतात, किंवा झटपट किटवर त्याची स्वतःची प्रथिनं. ओहोटीनंतर पुळणीवर भरतीची रेघ उरते ना, तशी ही प्रतिपिंडं. पाणी इथवर आलं होतं एवढंच ती रेघ सांगते. याला आपला शब्द तयार आहे : खूण.

दुसरी गोष्ट टीएनएफ, सीआरपी यांची. शरीरात दाह, म्हणजे आतली सूज-जळजळ, सुरू झाला की रक्तात वाढणारी ही प्रथिनं. व्हायवॅक्स जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापात साधारण दर ४८ तासांनी तांबड्या पेशी फुटतात, परजीवी बाहेर पडतात, त्या सुमारास रक्तातलं टीएनएफ वाढतं आणि हुडहुडी भरते. जुनी माणसं याला ‘एकांतरा’ म्हणत. दिवसाआड येणारा म्हणून. किती नेमका शब्द! सीआरपी यकृतात तयार होतं आणि दाह ओसरला की काही दिवसांत उतरतं. ही द्रव्यं आत्ता काय चाललंय तिकडे बोट दाखवतात, म्हणून ती ‘निदर्शक’. फक्त ‘हिवतापाचा निदर्शक’ असं लिहू नका. सीआरपी न्यूमोनियातही वाढतं, तेव्हा ‘दाहाचा निदर्शक’ म्हणा.

‘प्रतिपिंड’ शास्त्रात रुळलाय, पण आपल्याकडे पिंड म्हटलं की आधी श्राद्ध आठवतं. पहिल्यांदा येईल तिथे ‘रोगाशी लढणारी प्रथिनं’ असा खुलासा जोडा.

‘हिवताप’ मात्र जसाच्या तसा ठेवा. संस्कृत ‘हिम’वरून आलेलं ‘हीव’ आजही आपल्या घरांत भरतं, हिवाळाही त्याच घरचा. कुणी भारदस्त म्हणून ‘विषमज्वर’ सुचवेल. जुन्या वैद्यकात त्याचा अर्थ पाळीपाळीने येणारा ताप असा होता, पण आज मराठीत तो टायफॉइडला लागतो, आणि पत्रक वाचणारा भलत्याच तपासणीला जाईल.