स्टॅम्पपेपर आणू नका

प्रश्न : मी ४४ वर्षांची, अविवाहित, नंदनवनात राहते. शेजारी नऊ वर्षांचा मुलगा आजीजवळ असतो. आई वारली, वडील तीन वर्षांपूर्वी गेले ते परतलेच नाहीत. आजी म्हणते, ‘आता माझ्यानं होत नाही. स्टॅम्पपेपरवर सही देते, तूच घे याला.’ पण एकट्या बाईला मूल देत नाहीत म्हणतात. काय करू? – स. वा.

उत्तर : ताई, आजीची सही कितीही मनापासूनची असली तरी तेवढ्यानं दत्तक होत नाही. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल द्यायचा अधिकार आईवडिलांचा. आईवडिलांखेरीज दुसऱ्या कुणी पालकानं द्यायचं, तर कोर्टाची परवानगी लागते. उद्या वडील दारात उभे राहिले तर तो कागद तुमच्या काहीही कामाचा नाही.

एकट्या बाईबद्दल ऐकलंत ते जुनं. दत्तक न घेता मूल घरी सांभाळायचं, म्हणजे प्रतिपालकत्व, त्याला आधी जोडपंच लागायचं. २०२४च्या नव्या सूचनांप्रमाणे अविवाहित बाईलाही अर्ज करता येतो. मूल दत्तकासाठी कायद्यानं मुक्त झालं, म्हणजे त्याला दत्तक देता येईल असं अधिकृतपणे ठरलं, तर दोन वर्षं सांभाळल्यावर तुम्हाला दत्तक मागता येईल. पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे.

पण ‘होत नाही’ म्हणजे नेमकं काय, हे आजीला नीट विचारा. पैशाची ओढाताण असेल तर राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आईच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, आधार घ्या आणि आजीसोबत जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात तुम्हीच जा. पोरगा आजीजवळ झोपेल, अभ्यासाला तुमच्याकडे येईल. मला तरी हेच सगळ्यात बरं वाटतं. अंगातच बळ उरलं नसेल, तर बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीपुढे, जा. घरभेट होईल, वडिलांचा शोध होईल. वेळ लागेल.

आमच्या घरी आठ वर्षांचा मुलगा सांभाळायला आला, तेव्हा कित्येक दिवस कपडे कपाटात ठेवेना. रोज घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचा, गाठ मारून पिशवी उशाशी घ्यायचा. एकदा मी न विचारता ते कपाटात लावले. त्या रात्री तो जेवला नाही.

तुमच्या पत्रात आजीचं म्हणणं आहे, लोकांचं आहे. पोराचं कुठे आहे? समितीही त्याला विचारेलच. त्याआधी तुम्ही विचारा, आजीसमोर, आज संध्याकाळीच.