अनामत परत मिळते का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझे मिस्टर गेल्या वर्षी रिटायर झाले. तेव्हापासून रात्री जेवण झालं की ते एका पेनी ऑक्शनच्या साइटवर बसतात. मागच्या महिन्यात २३ डॉलर ४७ सेंटांना टॅबलेट लागला. दुकानात तोच तीनशेच्या घरात आहे. तो टॅबलेट त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवला. ते याला शॉपिंग म्हणतात, मुलगा जुगार म्हणतो आणि नणंद म्हणते की शुद्ध फसवणूक आहे. नेमकं कोणाचं खरं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी इचलकरंजीच्या एका सहकारी बँकेत झाली. सोनेतारण कर्ज थकलं की दागिन्यांचा लिलाव लावायचं काम माझ्याकडे असायचं. सकाळी पाकिटाचं सील सगळ्यांसमोर फोडायचं, बँकेचे सराफ वजन-कस सांगायचे आणि बोली लावणाऱ्याने आधी अनामत भरायची. गावातले पाच-सहा सराफ बाकावर बसलेले असत. एकवार, दोनवार, तीनवार झालं की ज्याची बोली वरची, त्याचा दागिना. बाकीचे रजिस्टरमध्ये सही करून अनामत परत घ्यायचे आणि बँकेचा चहा पिऊन निघून जायचे. एक शेठ तर प्रत्येक लिलावाला यायचे. अकरा वर्षांत त्यांनी एकच पाटली घेतली. बाकी प्रत्येक वेळी ते हात हलवत गेले, पण खिशाला चाट बसली नाही. बसलीच तर बँकेच्या चहाच्या बिलाला.

तुमच्या मिस्टरांच्या साइटवर ही अनामत परत मिळत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

पेनी ऑक्शन, म्हणजे एकेका सेंटाने चढणारा ऑनलाइन लिलाव, हा प्रकार गाजवला तो जर्मनीतल्या म्युनिकच्या एका कंपनीने. २००५ मध्ये ती ‘टेलिबिड’ या नावाने सुरू झाली आणि पुढे ‘स्वूपो’ म्हणून अमेरिकेत पोचली. रीत अशी : आधी ‘बिड’, म्हणजे बोली लावायचे हक्क, विकत घ्यायच्या. अमेरिकेत एकेका बिडला साधारण ६० सेंट पडायचे. एक बिड दाबली की वस्तूची किंमत एखादा सेंट वाढते आणि घड्याळात दहा-वीस सेकंदांची भर पडते. घड्याळ शून्यावर येईल तेव्हा ज्याची बोली शेवटची, त्याची वस्तू. किंमत एका सेंटाने चढते म्हणून वस्तू स्वस्त दिसते, पण हात वर करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून ६० सेंट गेलेले असतात.

तुमच्या टॅबलेटचा हिशेब याच दराने करून पाहू. शून्यापासून एकेक सेंट वाढत २३.४७ पर्यंत जायला २,३४७ बोली लागल्या. प्रत्येकी ६० सेंट धरले तर साइटकडे १,४०८ डॉलर २० सेंट आले, वर तुमच्या मिस्टरांनी दिलेले २३.४७. मिळून १,४३१ डॉलर ६७ सेंट, तेही तीनशेच्या वस्तूवर! मिस्टरांनी त्या रात्री १४० वेळा बटण दाबलं असेल, तर त्यांना टॅबलेट १०७ डॉलरला पडला. म्हणजे त्या रात्री त्यांचा फायदाच झाला, हे कबूल करायला हवं. पण तो फायदा त्यांच्यासारख्याच, इतर घरांत जागत बसलेल्या माणसांच्या खिशातून आला. आणि ज्या रात्री टॅबलेट दुसऱ्याच्या घरी गेला, त्या रात्रीचे ६०-६० सेंट मिस्टरांनी तुम्हाला सांगितले का? मला शंका आहे.

काही साइट्स हरलेल्याला सवलत देतात : गेलेल्या बिडचे पैसे वळते करून उरलेली रक्कम भरा आणि वस्तू घ्या. हे बरं आहे, मात्र साइटने लावलेली ‘मूळ किंमत’ बाजारभावाशी ताडून बघायची. ती फुगवलेली असली की सवलत तिथेच संपली.

बर्कलीचे अर्थतज्ज्ञ नेड ऑगेनब्लिक यांनी अशा दीड लाखाहून जास्त लिलावांचा अभ्यास केला. चालवणाऱ्याचा सरासरी नफा ५० टक्क्यांच्या वर निघाला. कारण आपल्याला घरबसल्या कळण्यासारखं आहे : चाळीस डॉलर घातल्यावर माणूस म्हणतो, आता कसं सोडू? ‘बुडत्याचा पाय खोलात’ म्हणतात ते हेच. अर्थतज्ज्ञ मार्टिन शुबिक यांनी १९७१ मध्येच याचा एक खेळ मांडला होता. एका डॉलरचा लिलाव करायचा, पण दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्यालाही आपले पैसे भरावे लागतात. त्या पायी लोक एका डॉलरसाठी डॉलरपेक्षा जास्त बोली लावून बसतात! स्वूपोही २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा हा धंदा चालवणाऱ्यालाही दरवेळी तारतोच असं नाही.

म्हणून माझं मत मुलाच्या बाजूला झुकतं. यात फासे नाहीत, डोकं थोडंफार चालतं, हे खरं. पण पुढच्या पंधरा सेकंदांत कोण्या अनोळखी माणसाला बटण दाबावंसं वाटेल की नाही, यावर आपले पैसे लावणं म्हणजे खरेदी नव्हे.

नणंदेचं म्हणणंही उडवून लावू नका. समोरचा बोली लावणारा माणूस आहे की साइटनेच सोडलेला प्रोग्रॅम, हे तुम्हाला पडद्यावरून कळायला मार्ग नाही. आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टनचं ‘झीकलर’ प्रकरण तर उघडच आहे. तिथे पेनी ऑक्शनच्या आडोशाला गुंतवणुकीची योजना चालायची. जुन्यांना ‘नफा’ म्हणून मिळायचे ते बहुतेक नव्यांचेच पैसे. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ते बंद पाडलं, तेव्हा ६० कोटी डॉलरचा घोटाळा निघाला. चालवणाऱ्या पॉल बर्क्सना २०१७ मध्ये १४ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा मिस्टरांची साइट ‘आणखी दोघांना आणा, कमिशन मिळेल’ असं सांगू लागली, तर त्या दिवशी नणंदेचं बरोबर.

आता करायचं काय? भांडू नका. सहा महिन्यांची क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट काढा. कागदाच्या डाव्या बाजूला साइटला गेलेली प्रत्येक रक्कम, उजव्या बाजूला घरी आलेल्या वस्तूंची कॉस्टकोसारख्या दुकानातली किंमत. कागद सकाळच्या चहाबरोबर त्यांच्यासमोर ठेवा, रात्री मुळीच नको. बेरीज त्यांनाच करू दे. कार्डावर न मागितलेली फी निघाली तर ती ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली, त्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी कळवा. आणि ‘सोडावंसं वाटतं, पण सुटत नाही’ असं ते स्वतः म्हणाले, तर तुमच्याच राज्यात जुगाराच्या सवयीतून सुटायला मदत करणारा १-८००-गॅम्बलर हा नंबर आहे. तिथे फोन करायला लाज वाटायचं कारण नाही.

प्रश्न : मोबाइलवर लिंक आली : ‘सगळ्यात कमी आणि एकमेव बोली लावा, स्कूटर जिंका.’ एका बोलीला ९९ रुपये. मी तीन लावल्या. हाही लिलावच ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही हो. इथे दुसऱ्या कोणीही लावली नसेल अशी सगळ्यात कमी रक्कम लावायची आणि दुसऱ्याची बोली तर दिसतही नाही, म्हणजे नुसता अंदाज. ज्यात कौशल्याला फारसा वाव नाही अशी बक्षीस-स्पर्धा हा जुगार आणि जुगार हा व्यापार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच मुंबई राज्याच्या चमारबागवाला खटल्यात सांगून ठेवलंय. चौथी बोली लावू नका. आणि तिकडून आता ‘स्कूटर लागली, आधी जीएसटी भरा’ असा फोन आला, तर एक रुपयाही न भरता १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. आधीच्या २९७ रुपयांचा यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, तेव्हा हाताशी असू द्या.